पौषातली मरतूक: सत्तरीतल्या एका घरच्या कोंबड्यांचं प्रकरण

गोव्यात थंडी पडते असं म्हटलं की घाटावरच्या पाहुण्यांना ते खरं वाटत नाही. पणजीचं त्यांचं बरोबरच आहे. तिथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान 20 अंशांच्या आसपास असतं. पण सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या खोऱ्यात, सह्याद्री अगदी उशाशी असलेल्या वाड्यांवर पहाट वेगळी असते. कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, धुकं उतरतं, कौलांवरून दंव टपटपत राहतं, गोठ्यातल्या गुरांच्या नाकातून वाफ निघते. आणि दुपारी त्याच अंगणात अनवाणी उभं राहवत नाही. एका दिवसात पंधरा अंशांचा चढउतार आमच्या परसातली झाडं आणि जनावरं रोज सोसतात.

या दिवसांत परसात जे काही बिघडतं, त्याचा दोष घरोघरी थंडीला दिला जातो. कोंबडी अंडं देईना, थंडी. वासरू खोकलं, थंडी. तांबड्या भाजीवर, म्हणजे लाल माठावर, पांढरं पडलं, थंडी. दोष एकदा थंडीला दिला की उपायही थंडीवरचाच होतो: झाका, बंद करा, धुरी घाला. खरा रोग मात्र बाजूला राहतो, आणि कधी कधी या उपायांनीच तो वाढतो. गेल्या हिवाळ्यात एका घरी हे सगळं एकापाठोपाठ एक घडलं, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मी पशुवैद्य नाही. आमच्या भागात कोंबड्यांना लस टोचायच्या कामात हातभार लावते आणि त्या निमित्ताने पुष्कळ घरांच्या मागीलदारी जाते. या घरच्यांनी सगळं लिहायला होकार दिला आहे. घराचं आणि गावाचं नाव मात्र मीच देत नाही.

घर आणि परस

मातीच्या भिंतींचं जुनं घर. मागे ओहोळ, ओहोळाच्या काठाने कुळागर: पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल. डोंगराच्या अंगाला काजूची बाग. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. मुलाला मी भाऊ म्हणते, सुनेला वहिनी. गोठ्यात दोन गायी आणि एक वासरू. त्यातली एक गाय नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, म्हणजे आमच्या गोव्याची श्वेतकपिला. आता या जातीची देशी जात म्हणून रीतसर नोंद झाली आहे, याचा आजींना फार आनंद आहे.

कोंबड्या 22, सगळ्या गावठी, आणि एक तांबडा कोंबडा. शिवाय दोन खुडूक कोंबड्यांनी उबवलेली 14 पिल्लं. दिवसभर सगळी परसात आणि कुळागरात चरायची, तिन्हीसांजेला खुराड्यात यायची. खुराडं गोठ्याच्या भिंतीला लागून, तीन बाजूंनी चिऱ्याचं, पुढून लाकडी पट्ट्यांचं.

अंड्यांचे पैसे वहिनींचे. हे मुद्दाम सांगते, कारण कोंबड्यांचा विचार आपल्याकडे "असल्या तर असल्या" असा होतो. सुपारी, काजू, दूध यांचा हिशेब घराचा असतो. गावठी अंडी मात्र वहिनी स्वतः विकतात आणि मुलांच्या वह्या, स्वतःचा औषधपाणी, बहिणीकडे जायचं बसभाडं त्यातून निघतं. खुराडं रिकामं झालं तेव्हा घरातलं हे एकच खातं बंद पडलं, ज्याला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

अंडी कमी झाली तिथून सुरुवात

नोव्हेंबर सरता सरता अंडी कमी होऊ लागली आणि मार्गशीर्षात जवळजवळ थांबली. कोंबड्यांची पिसं गळत होती, मानेवर आणि शेपटीकडे कातडी दिसत होती. आजी म्हणाल्या, "थंडी बाधली गो त्यांना."

खरं तर हे दरवर्षीचं आहे. कोंबडीचं अंडं देणं उजेडावर चालतं. पुरतं अंड्यावर राहायला तिला दिवसाकाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. आपल्याकडे 21-22 डिसेंबरला दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा असतो. व्यापारी फार्मवाले दिवे लावून ही तूट भरून काढतात. परसातल्या कोंबडीला तशी सोय नसते. त्यात पिसं बदलायचा काळ. जुनी पिसं टाकून नवी आणायला तिला दोन ते तीन महिने लागतात आणि पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांची असल्यामुळे अंड्याकडे जाणारं पोषण तिकडे वळतं. तेव्हा अशा कोंबडीला उबेपेक्षा खाद्याची गरज जास्त. थोडी सुकी मासळीची कुटी, भिजवलेला कुळीथ, शेणखताच्या ढिगातले किडे उकरायची मोकळीक. एवढं मिळालं की दिवस मोठे होतील तशी ती आपसूक अंड्यावर येते.

मोठ्या कोंबडीला आमची थंडी सोसत नाही, हे मला मुळीच पटत नाही. तिच्या अंगाचं तापमान 41-42 अंश असतं, वर पिसांचं पांघरूण. बर्फ पडतो त्या मुलखातही लोक परसात कोंबड्या पाळतात. ऊब लागते ती पिल्लांना. पहिल्या आठवड्यात त्यांना 32 ते 35 अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी चालतात. पण खुडूक आईच्या पंखाखाली ते त्यांना मिळतंच. खुराड्यातल्या मोठ्या कोंबड्या आणि टोपलीखालची पिल्लं यांचा विचार वेगवेगळा करायला हवा, आणि बहुतेक घरांत तो एकत्रच होतो.

ताडपत्री

थंडी बाधली असं ठरल्यावर भावांनी पावसाळ्यातली निळी ताडपत्री काढली आणि खुराड्याची पुढची बाजू वरपासून खालपर्यंत झाकली. उरलेला तुकडा गोठ्याच्या पूर्वेच्या बाजूला लावला, कारण पहाटेचा वारा घाटाकडून, म्हणजे पूर्वेकडूनच येतो. मायेपोटीच केलं. पूर्वी याच जागी माडाच्या चुडतांचे विणलेले झाप लावायचे. झापातून वारा अडतो पण हवा खेळते, दमट वाफ निघून जाते. प्लास्टिकमधून काहीच निघत नाही.

खुराड्यात रात्रभर 22 कोंबड्या श्वास सोडतात आणि विष्ठा टाकतात. श्वासातली वाफ प्लास्टिकला लागून थेंब होऊन खालच्या भुश्यावर पडायची. भुसा ओला. ओल्या विष्ठेत जंतू वाढतात आणि युरिक आम्लाचा अमोनिया होतो. मी गेले तेव्हा सकाळची वेळ होती. ताडपत्री उचलून गुडघ्यांवर बसले, तोंड कोंबडीच्या उंचीला नेलं आणि डोळ्यांतून पाणीच आलं. उभ्याने वास तितका जाणवत नव्हता, खाली मात्र तो नाकात टोचत होता. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग झाले की कोंबडीच्या श्वासनलिकेतल्या बारीक केसांना इजा होऊ लागते. घाण आणि जंतू वर ढकलून बाहेर काढायचं काम हे केस करतात. ते निकामी झाले की पुढच्या कुठल्याही श्वासाच्या रोगाला दार उघडं. माणसाच्या नाकाला हा वास ठळक जाणवेपर्यंत कोंबडीचं नुकसान सुरू झालेलं असतं.

कोंबड्या शिंकत होत्या, चार-पाच जणींचे डोळे लाल, पापण्या चिकटलेल्या. चेहरा सुजलेला नव्हता आणि नाकातून घाण वास येणारा चिकट स्राव नव्हता, म्हणजे कोंबड्यांची ती संसर्गजन्य सर्दी, कोरायझा, दिसत नव्हती. मी ताडपत्री काढायला सांगितली. भावांनी अर्धी वर केली. रात्री आजींनी परत खाली सोडली. त्यांच्या जागी मी असते तरी कदाचित हेच केलं असतं. पहाटे घरात चूल पेटवून बसावं लागतं तेव्हा बाहेरच्या मुक्या जिवाला उघडं ठेवणं मनाला पटत नाही.

त्याच सुमारास वासरू खोकू लागलं होतं. गोठ्यातही तीच ताडपत्री, वर डासांसाठी संध्याकाळी ओल्या पाल्याची धुरी. धूर आत कोंडून राहायचा. इथे मात्र भावांनी लगेच ऐकलं. ताडपत्री सोडली, धुरी गोठ्याच्या बाहेर वाऱ्याच्या अंगाला नेली, वासराखाली कोरडा पेंढा घातला. खोकला आठवड्यात गेला.

बाजारातला कोंबडा

पौषात जत्रा होती, मुंबईचे पाहुणे येणार होते. शागोतीसाठी, म्हणजे कोंबड्याच्या रश्श्यासाठी, आठवडा बाजारातून एक मोठा काळा कोंबडा आणला. जत्रेला दोन-तीन दिवस असल्याने तो घरच्या कोंबड्यांतच सोडला, त्याच भांड्यातलं पाणी, तेच खुराडं. दुसऱ्या दिवसापासून तो मान आखडून एका जागी बसू लागला. "नवी जागा, मानवली नाही," असं सगळ्यांना वाटलं. चौथ्या दिवशी तो मेला. पाहुण्यांसाठी दुसरी सोय झाली आणि मेलेला कोंबडा ओहोळापलीकडे टाकला गेला. तिथे कावळे आणि कुत्री पोचायला किती वेळ लागणार!

आठेक दिवसांनी घरच्या कोंबड्यांतली पहिली पडली. हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, चोच उघडी टाकून धाप, पंख लोंबलेले. दोन दिवसांत आणखी तीन. मग एकीची मान उलटी वळली. डोकं पाठीवर टेकून ती गोल गोल फिरत होती, दाणा टिपायला जायची आणि चोच भलतीकडेच पडायची. नातीने ते पाहिलं आणि ती मुलगी जेवलीच नाही. वहिनींनी मला संध्याकाळी फोन केला तोवर सात मेल्या होत्या.

मान मुरडणं, पंख-पाय लुळे पडणं, हिरवी विष्ठा आणि धाप हे सगळं एकत्र दिसलं की पहिलं नाव मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं घ्यावं. हा विषाणूचा रोग आहे. जगभर न्यूकॅसल म्हणतात, आपल्याकडे 1920 च्या दशकाच्या अखेरीस तो कुमाऊंतल्या राणीखेतला आढळला, म्हणून हे नाव. एकदा लागला की औषध नाही. लस न टोचलेल्या कळपात निम्म्याहून जास्त, कधी जवळजवळ सगळ्याच जातात. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेक वेळा पाच-सहा दिवस लागतात, कधी दोन, कधी पंधरा. बाजारातला तो कोंबडा आणला तेव्हा वरून धडधाकट दिसत होता तो यामुळेच.

तरीही नाव घेणं आणि खात्री होणं यांत अंतर आहे. जानेवारीत एकाएकी कोंबड्या मेल्या की बर्ड फ्लूची शंका आधी दूर करावी लागते. तो आजार भारतात कोंबड्यांत प्रथम 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारकडच्या नवापूरला निघाला, आणि अजूनही त्याची भीती स्थलांतरित पक्षी येतात त्या हिवाळ्यातच जास्त असते. दोन्ही रोगांची लक्षणं पुष्कळ मिळतीजुळती. म्हणून मी घरच्यांना कोंबड्यांना हात लावू नका, मेलेल्या उचलू नका एवढंच सांगितलं आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ताज्या मेलेल्या एका कोंबडीचं पोट उघडून त्यांनी मला दाखवलं. गिझर्ड, म्हणजे पथरी, त्याच्या आधी जो जठराचा भाग असतो, त्याच्या आतल्या बाजूला ग्रंथींच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याएवढे रक्ताचे ठिपके ओळीने उठले होते. आतड्यातही रक्तस्रावाचे चट्टे. राणीखेतकडे बोट दाखवणारी ही खूण. नमुने तपासणीला गेले आणि राणीखेतच ठरलं. अहवाल येईपर्यंत आम्ही बर्ड फ्लू आहे असं समजूनच वागलो, आणि तसंच वागायला हवं.

काय थांबवलं

मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरल्या. आजारी वेगळ्या केल्या. त्यांना पाणी, गूळपाणी, मऊ भात दिला. आजींनी हळद आणि लसूण दिला, त्यालाही आम्ही अडवलं नाही. विषाणू त्याने मरत नाही हे आजींना सांगितलं होतं, पण तहानेल्या जिवाच्या चोचीशी वाटी धरून बसणारं माणूस हवंच असतं.

खरी कसोटी पुढे होती. अशा वेळी घरोघरी एक हिशेब होतो: उद्या मरणारच आहेत तर आज चांगल्या दिसतात त्या कापू, नाहीतर विकू. भावांनीही तेच विचारलं. विकलेली कोंबडी रोग दुसऱ्या वाड्यावर नेते. कापलेलीचं रक्त, पिसं आणि आतड्याचं पाणी शेजारच्या कोंबड्यांच्या चरण्यात जातं. मी आणि डॉक्टरांनी दोघांनी ते समजावलं. भाऊ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी स्वतःच मागीलदारची वाट काट्या टाकून बंद केली. त्या वाटेने सगळा वाडा ओहोळावर जायचा. पायताण हे रोगाचं मोठं वाहन आहे. दाराशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची घमेली ठेवली, खुराड्यात जायच्या चपला तिथेच काढायच्या असं ठरलं. कोंबड्या हाताळताना वहिनींचे डोळे दोन दिवस लाल झाले होते. या विषाणूने माणसाला सहसा एवढंच होतं आणि आपोआप बरं होतं, पण हात न धुता डोळे चोळू नयेत.

या विषाणूवर एक मेदाचं आवरण असतं. त्यामुळे साबण, ऊन आणि चुना यांनी तो मरतो. सावलीत, ओल्या थंड विष्ठेत मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. थंडीशी या रोगाचा जो काही संबंध आहे तो इथे आहे: गारव्यात विषाणू जास्त टिकतो, दिवस-दिवस बंद खुराड्यात ऊन पोचत नाही, आणि याच महिन्यांत जत्रा, नाताळ, पाहुणे यांमुळे कोंबडे बाजारातून घरोघर हिंडतात. ताडपत्री काढली असती तर रोग टळला असता असं मी म्हणणार नाही. तो काळा कोंबडा आत आला तेव्हाच टळणं संपलं होतं. पण डोळे लाल आणि श्वासनलिका सोललेल्या कोंबड्यांना तो पहिल्या फटक्यात घेऊन गेला, हे माझं मत आहे.

शेवटी 22 पैकी 8 उरल्या, 14 पिल्लांपैकी 3. तांबडा कोंबडा जगला, त्याची मान मात्र कायमची तिरकी राहिली.

वाफ्यातली गोष्ट

ताडपत्रीच्या दिवसांत वास येतो म्हणून वहिनींनी खुराड्यातला ओला भुसा दोनदा काढला आणि सरळ भाजीच्या वाफ्यात पसरला. कोंबडखत म्हणजे सोनं, हे त्या ऐकून होत्या. सोनं आहेच. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असतं, कोंबडखतात तीन टक्क्यांच्या घरात. पण ताजं असताना तेच नत्र अमोनिया होऊन मुळांना जाळतं. तांबड्या भाजीची रोपं चार पानांवर होती. कडा करपल्या, वाढ खुंटली. जी जगली त्यांच्या पानांखाली पांढरे फोड आले. वर पान पिवळट, उलटून पाहावं तर खाली खडूची पूड लावल्यासारखे ठिपके. हा पांढरा तांबेरा. पान ओलं राहिलं की हा वाढतो, आणि वहिनी पाणी संध्याकाळी घालायच्या. संध्याकाळचं पाणी, त्यावर रात्रीचं दंव. पान दुसऱ्या दिवशी नऊ वाजेपर्यंत सुकतच नव्हतं. पाणी सकाळी आणि मुळाशी घालायला लागल्यावर, रोगट पानं काढून जाळल्यावर, दुसऱ्यांदा विरळ पेरलेली भाजी चांगली आली. आळसाण्यांवर, म्हणजे चवळीवर, मावा होता, त्याला साबणाच्या पाण्याचे दोन फवारे पुरले.

वाफ्याची खरी काळजी वेगळी होती. रोग खुराड्यात शिरल्यावर जो भुसा निघाला तोही तिसऱ्या खेपेला वाफ्याकडे चालला होता, आणि जिवंत कोंबड्या वाफ्यात उकरत होत्या. तो सगळा भुसा परसाच्या कोपऱ्यात ढीग करून, पाणी शिंपडून, वर माती आणि त्याच निळ्या ताडपत्रीने झाकला. नीट रचलेला ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. त्या उष्णतेत विषाणू टिकत नाही आणि दोन-तीन महिन्यांत वापरण्याजोगं खत होतं. ताडपत्रीची योग्य जागा ती.

नव्या अंथरणासाठी भाऊ रानातला सुका पाचोळा आणायला निघाले होते. सत्तरीत डिसेंबरपासून मेपर्यंत मी कोणालाही हे करू देत नाही. रानातल्या गोचिडांतून माकडताप येतो तो याच महिन्यांत. 1957 साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या रानात सापडलेला हा ताप 2015 मध्ये आमच्या तालुक्यात पालीला निघाला आणि काजूच्या बागेत राबणाऱ्यांनी तो भोगला. पाचोळ्याची भारी घराशी आणून जनावरांखाली घालणं म्हणजे गोचीड स्वतः उचलून आणणं. गिरणीतून भाताची तुसं आणली. कोरडी, हलकी, स्वस्त.

लसीची कुपी

राणीखेतची लस नवी नाही, महागही नाही. पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा या लसीचा दुसरा थेंब. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस पंखाखालच्या कातडीत अर्धा मिली. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला ती टोचायची नाही, लुळं पडायचा धोका असतो. लसीच्या एक आठवडा आधी जंताचं औषध. मग सहसा वर्षभर निर्धास्त.

तरी परसातल्या कोंबड्यांना ती टोचली जात नाही याचं कारण मला तरी लोकांचा आळस वाटत नाही. कुपी येते 100 मात्रांची. ती बर्फात ठेवून न्यावी लागते, फोडून पातळ केली की दोन तासांत संपवायची. ज्या घरी 20 कोंबड्या आहेत त्या घराने ती आणून 80 मात्रा ओतून टाकायच्या? त्यात गावठी कोंबडी दिवसा हाताला लागत नाही. एका घराच्या कोंबड्या पकडण्यातच दोन तास जातात. लस फुकट मिळाली तरी ही अडचण सुटत नाही.

मरतूक चालू होती तेव्हा पौष चालू होता आणि रात्री मांडावर धालो होते, म्हणजे बायकांचे पारंपरिक नाच-गाणी. वाड्यावरच्या सगळ्या बायका एका जागी, रोज, ठरल्या वेळी. कोंबड्या त्यांच्याच. धालो सुरू व्हायच्या आधी वहिनींनी स्वतः उभं राहून सांगितलं की आपल्या घरी काय झालं, कोंबडा कुठून आला, मान कशी मोडते. लपवलं असतं तर कोणी दोष दिला नसता; घरावर बोट येईल ही भीती आपल्याकडे मोठी असते. त्यांनी सांगितलं म्हणून वाड्यावरची बाकीची घरं वाचली, असं मी ठामपणे म्हणते. तिथेच ठरलं: कोंबड्या रात्री खुराड्यात असतात, तर लस पहाटे, दारं उघडायच्या आधी टोचायची. डॉक्टरांनी निरोगी घरांना परवानगी दिली. आजारी घरात मात्र तेव्हा लस नको म्हणाले. ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरला आहे त्यांना तिचा उपयोग नसतो आणि कधी रोग उसळतो. दुसऱ्या पहाटे बर्फाचा डबा घेऊन आम्ही घराघरांतून गेलो. अंधारात बॅटरीच्या उजेडात कोंबडी शांत असते, एकीने धरायची आणि दुसरीने पंख उचलून टोचायचं. एक कुपी, सहा घरं, दोन तासांच्या आत. एका घरी दोन कोंबड्या पुढच्या आठवड्यात मेल्या, त्यांना आधीच लागण झाली असावी. बाकी कुठे काही झालं नाही.

आता

या घरचं खुराडं दोन महिने नव्या पक्ष्याशिवाय ठेवलं. आठ उरलेल्यांना कुळागराच्या टोकाला वेगळा आसरा केला. भिंती चुन्याने रंगवल्या, जमीन खरवडून वरची माती काढली, दारं उघडी टाकून ऊन खेळवलं. पुढच्या बाजूला आता माडाचे झाप आहेत, खालून कोंबडीच्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत. वरचा हातभर भाग मोकळा. वारा अंगावर येत नाही आणि वाफ वरून निघून जाते. पिल्लांची टोपली वेगळी, तिच्यावर रात्री गोणपाट. बाजारातून आलेला कोणताही पक्षी दोन आठवडे गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधायचा, त्याचं पाणी-दाणा शेवटी करायचा, असा नियम वहिनींनी घातला आहे आणि भाऊ तो पाळतात.

तांबड्या कोंबड्याचं काय करायचं यावर घरात एकमत नाही. बरे झालेले पक्षी काही काळ विषाणू टाकत राहतात, म्हणून त्याला बाकीच्यांपासून दूर ठेवावं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो काळ उलटून गेला आहे. तिरक्या मानेने तो अजून दाणा टिपतो, जरा वेळ लावून. भावांना तो ठेवण्यात अर्थ वाटत नाही. आजी त्याला हात लावू देत नाहीत. माझं मत विचारलं तेव्हा मी आजींच्या बाजूने बोलले. नव्या पिल्लांना लस टोचलेली असेल तर त्याच्यापासून आता धोका नाही.

पुढची कुपी दसरा-दिवाळीच्या दरम्यान आणायची आहे, थंडी आणि जत्रा सुरू व्हायच्या आधी. सहा घरांची नावं आणि कोंबड्यांची संख्या वहिनींच्या वहीत लिहून झाली आहे. वरच्या बाजूचं एक घर अजून हो म्हणत नाही. लस टोचली की कोंबडी अंड्यावरून जाते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं आहे. दोन-चार दिवस अंडी कमी होतात हे खरं आहे, म्हणून अंडी कमी असतात त्याच दिवसांत टोचावी. हे सांगायला आजी या आठवड्यात त्यांच्याकडे जाणार आहेत. त्या घराच्या कोंबड्या सगळ्यांच्या परसात चरतात.